राजहंसगड हा विझलेला ज्वालामुखी आहे का? आणि एकाच विहिरीत जांभा, गुलाबी माती, काळा दगड असे तीन थर का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावहून जांबोटीकडे जाताना किणयेच्या पुढं शेत आहे. विहीर खणताना वरचे अठरा-वीस फूट जांभा निघाला, मग पंधरा फूट गुलाबी-पांढरी चिकट माती आणि त्याखाली काळा दगड. गावात सांगतात की यळ्ळूरचा राजहंसगड हा विझलेला ज्वालामुखी आहे, जांभ्यातली भोकं हे लाव्हातले बुडबुडे आहेत आणि शेतातले गोल धोंडे त्या ज्वालामुखीनं फेकलेले गोळे आहेत. हे खरं असेल तर सासरवाडीला, बैलहोंगलकडे, करडा ठिपक्यांचा दगड कसा? आणि बोअर मारली तर पाणी कुठल्या दगडात लागेल?

प्रश्न पाच दिसत असले तरी गोंधळ एकाच ठिकाणी आहे. ज्वालामुखी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला शंकू डोळ्यासमोर येतो, वर तोंड आणि त्यातून धूर. मग आपण आजूबाजूला तसा डोंगर शोधत बसतो. तो सापडणार नाही. आपल्याकडचा दगड ज्वालामुखीचा आहे, पण आपल्याकडचा एकही डोंगर ज्वालामुखी नाही. राजहंसगड खालून वर उचलला गेलेला नाही. भोवतालचं सगळं झिजून वाहून गेलं आणि तो मागं राहिला. हे एकदा पटलं की बाकीची उत्तरं सोपी होतात.

लाव्हा आला कुठून, ते आधी बघू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून बेसाल्टचा, म्हणजे थिजल्यावर काळा दगड होतो त्या लाव्हाचा, रस बाहेर आला. त्या भेगा मुख्यतः नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, धुळे-नंदुरबारकडे, नाशिक-पुणे पट्ट्यात आणि कोकणकिनाऱ्यालगत आहेत. भेगेतला रस तिथंच थिजून त्याच्या उभ्या भिंती झाल्या, आणि त्या भागात अशा भिंती शेकड्यांनी दिसतात. बेळगावच्या आसपास त्या अगदीच तुरळक आहेत. म्हणजे आपला लाव्हा इथं फुटला नाही, वाहत आला. बेसाल्टचा रस ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि त्यात सिलिका कमी, निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळं तो पातळ असतो, ढीग न करता पसरतो. आज हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळ मिळणारे लाव्हाचे थर रासायनिक गुणांनी सह्याद्रीतल्या थरांशी जुळतात, यावरून तो किती दूर जाऊ शकत होता याचा अंदाज येतो.

बेळगाव या सगळ्या पसाऱ्याच्या दक्षिण काठावर आहे आणि तुमच्या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत या काठामुळं आहे. कोयनेला वैज्ञानिक बोअर मारली तेव्हा बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागायला सुमारे ९३३ मीटर जावं लागलं. किल्लारीला ३३८ मीटरवर खालचा जुना खडक लागला. काठाकडं ही जाडी आणखी कमी होत जाते आणि खानापूर तालुक्यात, बैलहोंगलच्या वाटेवर, ती शून्यावर येते. शिवाय इथं आलेले थर मालिकेतले शेवटचे-शेवटचे आहेत. आधीचे लाव्हे इथवर पोचलेच नाहीत, त्यामुळं वरचे नवे थर थेट पुरातन खडकावर बसले. त्या मालिकेतल्या सर्वांत वरच्या थरसमूहांपैकी एकाला भूवैज्ञानिकांनी आपल्या देसूरचंच नाव दिलेलं आहे. देसूर स्टेशनवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

आता एक थर आतून कसा असतो ते नीट समजून घ्या, कारण डोंगराचा आकार आणि विहिरीचं पाणी दोन्ही त्यावर ठरतात. एकेक थर साधारण दहा ते चाळीस मीटर जाडीचा. रस पसरला की आधी वरून आणि खालून कवच धरतं, आणि आत गरम रस येतच राहतो. त्यानं कवच वर उचललं जातं आणि थर फुगत जातो. हवाई बेटांवरच्या मोजणीनुसार वरचं कवच एक मीटर व्हायला साधारण एक आठवडा लागतो, पण दहा मीटर व्हायला जवळजवळ दोन वर्षं. जाडी दुप्पट व्हायची तर वेळ चौपट लागतो, असा तो हिशेब आहे. रसातला वायू वर चढतो आणि वरच्या कवचात अडकतो. म्हणून थराचा वरचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा, भोकाभोकांचा असतो. मधला गाभा सावकाश थंड होतो, त्यात बुडबुडे नसतात. तो घट्ट, काळा आणि वाजवला तर खणखणणारा असतो. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. तळाशी पुन्हा वीतभर पट्टा बुडबुड्यांचा. त्यात कधी बोटभर उभ्या नळ्या दिसतात आणि त्या एका बाजूला कललेल्या असल्या तर लाव्हा कुठल्या दिशेनं सरकत होता तेही कळतं.

दोन थरांच्या मध्ये काही वेळा विटकरी रंगाची माती सापडते, हातभर ते दोन-तीन मीटर जाडीची. हा गेरू. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा पापुद्रा कुजून ही माती झाली. रस्त्याच्या कटिंगमध्ये किंवा क्रशरच्या खाणीत काळ्या भिंतीत आडवी तांबडी रेघ दिसली की तिथं एक थर संपून दुसरा सुरू झाला असं समजावं. प्रत्येक जोडावर गेरू असतोच असं मात्र नाही.

पायऱ्यापायऱ्यांचे सपाट डोंगर याच रचनेतून येतात. घट्ट गाभा झिजायला चिवट. तो उभ्या भेगांवरून कड्यासारखा तुटतो. भोकाभोकांचा भाग आणि गेरू मऊ, तिथं उतार तयार होतो आणि झाडोरा धरतो. कडा, उतार, पुन्हा कडा, असं वर जात माथ्याला एखादा चिवट थर किंवा जांभ्याचं टोपण आलं की डोंगर सपाट राहतो. राजहंसगड, वैजनाथाचा डोंगर, चंदगडकडचे गड यांचे माथे एके काळी एकाच अखंड पठाराचे भाग होते. मधली जागा नद्या-ओढ्यांनी कापून नेली.

हे स्वतः तपासता येतं. डोंगरावर समोरून नजर टाका आणि कड्यांच्या आडव्या रेघा बघा. त्या डोंगराला वळसा घालूनही जवळपास एकाच उंचीवर राहतात, आणि दरीपलीकडच्या डोंगरावर तीच रेघ थोड्या वर-खाली पुन्हा भेटते. डोंगर ज्वालामुखीचं तोंड असता तर थर माथ्यापासून चहूबाजूंनी बाहेर उतरताना दिसले असते, आणि तोंडाजवळ राख, जळके तुकडे, स्पंजासारखा हलका दगड मिळाला असता. यांपैकी काहीच इथं नाही. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. आपल्याकडं तो पुन्हा जागा होईल का, असं कोणी विचारलं तर निर्धास्तपणे नाही म्हणा. ज्या खोल उष्ण भागावरून हा लाव्हा आला असं मानतात तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि आपली भूमी तिथून उत्तरेला केव्हाच सरकली.

आता जांभा. गावकऱ्यांची इथं सर्वांत मोठी गफलत होते. जांभा हा लाव्हा नव्हे. तो कुठलाही खडक भरपूर पावसात आणि उष्ण हवेत लाखो वर्षं कुजल्यावर उरलेला गाळसाळ आहे. पाणी मुरतं, सिलिका, चुना, सोडा, मॅग्नेशियम विरघळवून नेतं, आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागं राहतं. लोखंडामुळं तांबडा रंग. जिथं सिलिका फारच निघून गेली तिथं बॉक्साइट झाला, आणि बेळगावला ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला तो सीमेवरच्या सड्यांवरच्या अशाच साठ्यांच्या भरवशावर. जांभा जमिनीत असताना मऊ असतो, म्हणून चिरे कापता येतात. हवा-ऊन लागलं की लोखंडाचे क्षार घट्ट होतात आणि चिरा कडक होतो. चिरे काढल्या-काढल्या भिंतीत लावू नका, काही महिने उन्हापावसात राहू द्या, हा गवंड्यांचा सल्ला बरोबर आहे. जो चिरा पहिल्या पावसात कडांनी झिजतो त्यात मातीचा भाग जास्त आहे असं समजून तो बाजूला काढावा.

भोकांचं म्हणाल तर एक तुकडा जांभ्याचा आणि एक भोकांच्या बेसाल्टचा असे शेजारी ठेवून बघा. बेसाल्टमधली भोकं गोल किंवा लांबट, आतून गुळगुळीत आणि एकमेकांपासून सुटी असतात. बऱ्याचदा ती झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजानं, हिरवट मातीनं किंवा गारगोटीनं भरलेली असतात. विहीर खोदणारे अशा मऊ, ठिपक्यांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात. जांभ्यातली भोकं वेडीवाकडी, नळीसारखी आणि एकमेकांना जोडलेली असतात, आणि आतून पिवळी माती निघते. ती मऊ माती पाण्यानं धुऊन गेल्यानं पडलेली पोकळी असते. एका टोकाला पाणी ओतून बघा. जांभ्यातून ते खाली टपकतं, बेसाल्टच्या भोकात साचून राहतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जांभा दिसला म्हणजे खाली बेसाल्टच आहे, असा निष्कर्ष काढू नये. बेळगावच्या पश्चिमेला जांभा बेसाल्टवर आहे, पण खानापूरच्या दक्षिणेला आणि गोव्यात तो धारवाडी खडकांवर, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या थरांवरही तयार झाला आहे. वरून दोन्ही सारखेच तांबडे. तुमचं शेत नेमकं या दोन्हींच्या सरहद्दीच्या बाजूला आहे, म्हणून खालचा काळा दगड बेसाल्ट असण्याची शक्यता जास्त असली तरी न बघता मी तसं लिहून देणार नाही.

याचं उत्तर तुमच्याच विहिरीतल्या गुलाबी मातीत आहे. ती माती म्हणजे अर्धवट जांभा झालेला खडक. लोखंड वर गेलं, खाली पांढरी चिकणमाती उरली. पण खडकाची मूळ ठेवण तिच्यात अजून शाबूत असते. बादलीत वरून पडलेली सरमिसळ माती घेऊ नका. विहिरीच्या भिंतीतून, काळ्या दगडाच्या हातभर वरून, न ढवळलेलं ओंजळभर ढेकूळ सुरीनं कापून काढा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. गोल-लांबट पांढरे ठिपके विखुरलेले दिसले तर ते बेसाल्टमधले भरलेले बुडबुडे आहेत, कुजूनही आकार टिकवून असलेले. पातळ पापुद्रे, रेशमासारखी चकाकी आणि एका दिशेनं सुटणारे थर दिसले तर तो धारवाडी पाटीसारखा दगड होता.

मग तेच ढेकूळ परातीत पाण्यात चुरा, ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या आणि पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहा. तळाशी काय उरतं ते बोटांनी चोळा. बेसाल्टमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सुटे कण जवळजवळ नसतात. त्यामुळं बेसाल्टची माती धुऊन झाली की तळाला लोखंडाच्या काळ्या-तांबड्या बारीक कणांपलीकडं फारसं काही उरत नाही. काचेसारखे करकरीत, पारदर्शक कण चिमूटभर जमले तर खालचा खडक बहुधा बेसाल्ट नाही. क्वार्ट्झ कुजत नाही, म्हणून ही परीक्षा सहसा फसत नाही. फसते ती बेसाल्टच्या भोकांतली गारगोटी नमुन्यात आली तर, किंवा वरच्या शिवारातून वाहून आलेली रेती त्यात मिसळलेली असते तेव्हा. म्हणून भिंत खरवडून आतलीच माती घ्यायची.

गोल धोंड्यांचं प्रकरण लवकर मिटतं. उभ्या-आडव्या भेगांनी बेसाल्टचे चौकोनी ठोकळे झालेले असतात. पाणी भेगांतून जातं, कोपरे तिन्ही बाजूंनी कुजतात, कडा दोन्ही बाजूंनी आणि सपाट बाजू एकीकडूनच. त्यामुळं ठोकळा गोल होत जातो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत आत एक टणक गोटा राहतो. एखादा धोंडा हातोडीनं फोडा. बाहेर पिवळसर पापुद्रे, आत ताजा काळा गाभा. फेकलेल्या गोळ्यात बुडबुडे असतात आणि कवच काचेसारखं थंड झालेलं असतं. तसं इथं काही मिळणार नाही.

तुमच्या शेताची माती तांबडी आणि निपाणी-चिकोडीची काळी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो याच उत्तरातून सुटतो. दगड दोन्हीकडं तोच, फरक पावसाचा. कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बेळगाव शहरात तेराशेच्या आसपास आणि अथणीला पाच-सहाशे. शेदोनशे किलोमीटरच्या आत इतका उतार फार कमी ठिकाणी बघायला मिळतो. भरपूर पावसात सगळं धुऊन जातं, तांबडी माती आणि जांभा होतो. कमी पावसात चुना-मॅग्नेशियम मातीतच राहतं आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार होते, ती आपली काळी माती. तिच्यात चुनखडीचे खडे मिळतात, जांबोटीकडं ते मिळत नाहीत. घर बांधणाऱ्यांना हा फरक फार महागात पडू शकतो. जांभ्यावर उथळ पाया चालतो. काळ्या मातीत उन्हाळ्यातल्या भेगा जिथवर जातात त्याच्या खाली, पक्क्या मुरमात पाया न्यावा लागतो. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दरवाजाच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर सुटते.

बैलहोंगलचा करडा ठिपक्यांचा दगड हा पट्टेदार नाइस (खोलात ताप-दाबानं बदललेला जुना खडक) किंवा ग्रॅनाइट. लाव्हा येण्याच्या कितीतरी आधी तो होता. तिथं लाव्हा पोचला नसावा किंवा पोचलेला पातळ थर झिजून गेला. गोकाकचा धबधबाही लाव्हाचा असल्याचं नेहमी ऐकायला येतं. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली उडी घेते, ती कलादगी गटाच्या वालुकाश्म-क्वार्ट्झाइटवरून. तो नदी आणि उथळ समुद्राच्या वाळूपासून बनलेला, शंभर कोटी वर्षांच्या घरातला दगड आहे. सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला मलप्रभेनं जी खिंड कापली तीही त्याच गटात. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात, पूर्वेला जुनं आणि वायव्येला नवं, असा पृथ्वीच्या इतिहासाचा मोठा तुकडा बसने एका दिवसात बघून होतो. पश्चिमेला चोर्ल्याच्या घाटमाथ्यावरून गोव्यात उतरतानाही बेसाल्टची टोपी संपून खाली जुने धारवाडी खडक लागतात.

आणि काळा दगड म्हणजे आपलाच लाव्हा, असंही नाही. धारवाडी पट्ट्यातसुद्धा ज्वालामुखीचा काळा-हिरवट दगड आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या मरडिहळ्ळीला पाण्याखाली थिजलेल्या लाव्हाच्या उशा बघायला मिळतात, त्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा दोन अब्ज वर्षांहून जुन्या. मलपेजवळच्या सेंट मेरी बेटावरचे खांबही अनेक जण दख्खनचे समजतात. ते वेगळ्या, सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकातले आहेत आणि दगडही बेसाल्ट नाही, सिलिका जास्त असलेला आहे.

विहिरीतला काळा दगड ओळखायला मी घरगुती कसोट्यांत वजनाची कसोटी सर्वांत वर ठेवतो. न कुजलेला, भोकं नसलेला दोन किलोचा तुकडा घ्या. बॅगा तोलायचा टांगता डिजिटल काटा चालेल. दोरीला बांधून आधी हवेत तोला, मग पूर्ण पाण्यात बुडवून, बादलीच्या तळाला न टेकवता तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकानं भागा. समजा हवेत २००० ग्रॅम आणि पाण्यात १३१० भरलं, तर २००० भागिले ६९०, म्हणजे २.९. बेसाल्ट २.८ ते ३.० मध्ये बसतो. नाइस-ग्रॅनाइट २.६५ च्या आसपास, धारवाडी पाटीसारखा दगड २.७ ते २.७५. दोन किलोचा तुकडा अशासाठी, की काट्याची दहा ग्रॅमची चूक छोट्या तुकड्यात उत्तर पार बदलून टाकते.

धारवाडी लाव्हाही २.९ च्या वर जातो, तिथं वजन उपयोगी पडत नाही. मग रंग आणि फुटण्याची तऱ्हा बघायची. जुना दगड हिरवट असतो, एका दिशेनं चपटा फुटतो आणि त्यात पांढऱ्या गारेच्या शिरा असतात. बेसाल्ट कसाही, शिंपल्यासारख्या खोलगट कडांनी फुटतो. दोऱ्याला टांगलेलं चुंबक बेसाल्टकडं हलकंसं ओढलं जातं. ते जर फटकन चिकटलं तर तो लोहपाषाणाचा पट्टा असण्याचा संभव जास्त. भोकांतला पांढरा खडा चुनखडीचा की झिओलाइटचा हे बघायचं असेल तर फरशी साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब पुरे. चुना लगेच फसफसतो. हे मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच करा.

आता पाणी. जांभ्यात पाणी मुरतं भरभर आणि निघूनही जातं भरभर. ते खालच्या चिकट गुलाबी मातीवर अडतं आणि तिच्या उताराच्या बाजूनं ओढ्यात झरतं. म्हणून जांभ्यातल्या विहिरी जुलैत तोंडाशी भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवतात. तुमच्या विहिरीत दोन वेगळी पाणी आहेत: मातीच्या वरचं आणि काळ्या दगडाच्या कुजक्या माथ्यातलं. वरचं पाणी टिकवायचं तर जांभ्याच्या भागात बांधकामाला झरे येतील अशी भोकं ठेवा. गुलाबी मातीच्या पंधरा फुटांत मात्र भरीव, पक्कं बांधकाम करा, दोन्ही टोकांना दोन-दोन फूट जास्त घेऊन. ही माती ओली झाली की फुगून आत सरकते आणि विहीर गाळानं भरते. या पट्ट्यात विहिरी ढासळतात त्या बहुतेक याच थरात.

काळ्या दगडात बोअर मारताना लक्षात ठेवा की बेसाल्टचा घट्ट गाभा कोरडा असतो. पाणी मिळतं ते चार ठिकाणी: कुजलेल्या माथ्यात, भोकांच्या वरच्या कवचात, दोन थरांच्या जोडावर आणि उभ्या भेगांत. जोडावर गेरू असेल तर पाणी गेरूच्या वर शोधायचं. गेरू स्वतः पाणी देत नाही, उलट फुगून रॉड अडकवतो. इथं बेसाल्ट पातळ असल्यानं एक जादा शक्यता असते, ती म्हणजे लाव्हा आणि खालचा जुना खडक यांचा सांधा. तिथं जुनी रेती-गोटे दबलेले असतील तर चांगलं पाणी मिळतं. ते असतीलच असं नाही, आणि तो सांधा तुमच्याकडं किती फुटांवर आहे ते बोअर मारूनच कळेल. किणयेची खोली बघून जांबोटीचा अंदाज बांधू नये. शेजारची बोअरही दोनशे मीटर अंतराच्या आतली असेल तरच हिशेबात धरावी.

गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या पिशवीत हवा, वर खोलीची चिठ्ठी. चुरा ओला असेल तर चाळणीत धुऊन मग बघा. विटकरी, हाताला चिकटणारा चुरा म्हणजे गेरू. राखाडी-जांभळट, पांढऱ्या-हिरव्या कणांचा आणि भरभर जाणारा भाग म्हणजे भोकांचा थर. काळसर बारीक पीठ आणि मंद वेग म्हणजे गाभा, तो संपेपर्यंत पाण्याची आशा धरू नये. अचानक पांढरट खर आणि अभ्रकाची चकाकी आली तर तुम्ही नाइसमध्ये शिरलात. चकचकीत पापुद्रे आले तर धारवाडीत. सांधा ओलांडल्यावर शंभरेक फूट गेलात आणि एकही भेग लागली नाही, तर माझा कल थांबण्याकडं असतो. खोल गेल्यावर भेगा दबत जातात आणि पुढचा प्रत्येक फूट नुसता खर्चाचा होतो.

केसिंगवर, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपवर, पैसे वाचवू नका. पाइप गुलाबी मातीच्या तळावर टेकवून थांबायची पद्धत आहे, कारण तिथं गाडी "हार्ड लागला" म्हणते. पण तो बहुधा कुजका माथा असतो. पाइप ताज्या काळ्या दगडात किमान सहा ते दहा फूट घुसवून बसवायचा. तसं केलं नाही तर पहिल्या पावसाळ्यात पाइपच्या खालून माती आत येते, पंप गढूळ पाणी ओढू लागतो आणि वर्षभरात मोटार गाळात रुतते. एवढं करूनही ऑगस्टमध्ये पाणी गुलाबी येत असेल तर केसिंगचा जोड कुठंतरी उघडा आहे, तेव्हा मोटार बाहेर काढून आधी तो बघायला लावा.